न घेतलेला रामराम

सगुणाबाईंना कुणी रामराम घातला आणि त्यांनी तो घेतला नाही, असं कधी झालेलं नाही. रस्त्यानं झिंगत चाललेला दारुडा असो की बँकेच्या दारातला बंदूकवाला, समोरच्याचा हात छातीशी पोचायच्या आत बाईंचे हात जोडलेले. हातात पिशव्या असल्या तर पिशव्यांसकट. एकदा नाशिक रोडच्या स्टेशनाबाहेर कुणा पुढाऱ्यानं जीपमधून गर्दीला हात जोडले. सगळ्या गर्दीत उत्तर देणाऱ्या ह्या एकट्याच, आणि त्या नादात डाळिंबं रस्ताभर सांडली. आता ह्याला गुण म्हणायचं की खोड, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ह्याच्यापायी एका अस्वलाचा उरलेला जन्म गजाआड जायची वेळ आली होती, ती ही गोष्ट.

बाई मूळच्या घोटीकडच्या. उभा जन्म भाताच्या खाचरात वाकून गेलेला. नवरा, रंगनाथ, गेला आणि त्या मुलाकडे नाशिक रोडला राहायला आल्या. मुलगा चांगला, सून चांगली, इमारतीला लिफ्टसुद्धा होती. पण दिवसभर करायचं काय? गॅलरीत उभं राहून माणूस किती जणांना रामराम घालणार? मग कळलं, की शहराच्या टोकाला जखमी रानजनावरं ठेवतात तिथं स्वयंपाकाला बाई हवी आहे. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. तिथं उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं असायची, मांजानं पंख कापलेल्या घारी असायच्या, एखादी घोरपड असायची. प्रत्येकाचं जेवण निराळं, वेळ निराळी. स्वतः मटणाला शिवत नसल्या, तरी पिल्लांसाठी कोंबडी बारीक करताना बाईंनी कधी नाक मुरडलं नाही. "लेकराचं अन्न हाय ते," म्हणायच्या. "त्यात कसला इटाळ."

अस्वल आलं ते ऐन थंडीत. मालेगावच्या पुढं हायवेवर एक टेम्पो तपासायला थांबवला, तर आतली माणसं उड्या टाकून पळाली. ताडपत्री काढली तर कडब्याच्या पेंढ्यांमागं ही मादी. नऊएक वर्षांची, पुढचे दात मोडलेले, नाकातून दोर ओवलेला. अस्वलाचे खेळ बंद होऊन जमाना झाला, कायद्यानं बंदी आहे. पण कायदा काय, कांद्याच्या गोण्या मोजतो आणि कडबा तसाच सोडतो. कागदोपत्री ती 'मुद्देमाल' ठरली. म्हणजे कोर्ट म्हणेपर्यंत ती ह्याच आवारात.

डॉक्टर योगिनीनं तिला भूल देऊन नाकातला दोर कापून काढला. जखमेत अळ्या झाल्या होत्या. योगिनी वयानं लहान, तिशीची असेल, पण हाताची पक्की आणि तोंडाची फटकळ. दोर काढल्यावर मात्र ती तासभर स्वतःच जखम धूत बसली, असं वनरक्षक किशोर सांगतो.

दोन दिवसांनी अस्वल सावरून खायच्या तयारीत दिसलं, तेव्हा सगुणाबाई नागलीची, म्हणजे नाचणीची, लापशी घेऊन पिंजऱ्याशी गेल्या. दूध, गूळ, दोन उकडलेली अंडी कुस्करून घातलेली. बाईंना बघितलं मात्र, आणि अस्वल मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहिलं. पुढचा पंजा उचलला, कपाळाशी नेला आणि मान झुकवली.

बाईंनी घमेलं खाली ठेवलं, पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले. "रामराम गं बाई, रामराम. बस आता, जेव."

बघणारे हसून लोटपोट. किशोरनं मोबाइलवर चित्रण केलं. बाईंनी तिचं नाव ठेवलं ठकी. लाकडाच्या ठकीबाहुलीसारखी सरळ उभी राहते म्हणून. तेव्हापासून रोजचा हाच नेम झाला. ठकी उठून सलाम करायची, बाई रामराम घ्यायच्या, मग घमेलं आत जायचं. दुपारी कलिंगडाची फोड, पुन्हा रामराम. बाई नुसत्या जवळून गेल्या तरी रामराम. दिवसातून वीसदा, तीसदा.

"अहो मावशी, दमत नाही का तुम्ही?" किशोर विचारायचा.

"ती येवढं उठून उभी ऱ्हाती, मला हात जोडायला काय झालं?"

मधे भाच्याच्या लग्नासाठी बाई चार दिवस घोटीला गेल्या, तर ठकीनं घमेल्याला तोंड लावलं नाही. किशोरपुढं ती उठून बघायची, पण तो हात जोडत नव्हता, म्हणून ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसायची. बाई परतल्या, हात जोडले, आणि तिनं दोन घमेली फस्त केली. बाई वरवर म्हणाल्या, "काय येडी पोर हाय." पण मनातून खूश झाल्या. का होणार नाहीत? आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे सुख म्हातारपणी फुकट मिळत नाही.

उन्हाळा संपता संपता कोर्टाचा कागद आला. सातपुड्याच्या पलीकडं, मध्य प्रदेशात, अशा सोडवलेल्या अस्वलांसाठी राखलेलं मोठं रान आहे. ठकीला तिकडं पाठवायला परवानगी मिळाली. तिथले मोठे डॉक्टर तिला बघायला आले. उंच, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. दोन दिवस स्टूल टाकून पिंजऱ्यासमोर बसले आणि वहीत काहीबाही लिहीत राहिले. सगुणाबाईंनी त्यांना चहा नेऊन दिला, आणि जाता येता ठकीचा रामरामही घेतला. मोठ्या डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

ते गेल्यावर योगिनी स्वयंपाकाच्या खोलीत आली. बाई नागली पाखडत होत्या.

"मावशी, ठकीला ते नेतील. पण मोठ्या रानात सोडणार नाहीत. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतील. कायमची."

"का म्हून? काय आजार निघाला का?"

"ती अजून सलामाला उभी राहते. रानात बाकीची अस्वलं उकरून खातात, वारुळं फोडतात. ही दिवसभर कुंपणाशी उभी राहून सलाम करेल. कुणी हात जोडले नाहीत तर खाणार नाही, उपाशी मरेल. शिवाय इतकं उभं राहून तिच्या कंबरेचे सांधे झिजलेत." योगिनी जराशी थांबली. "माझ्यापुढं आता ती उठत नाही. किशोरपुढं नाही. फक्त तुमच्यापुढं उठते."

बाईंचं सूप हातातल्या हातात राहिलं. "म्हंजी मी बिघडवली तिला?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, नाही हो मावशी, तसं काही नाही. योगिनी म्हणाली, "हो. मीही बघत होते आणि हसत होते. चूक माझीपण आहे."

महिनाभरानं गाडी येणार होती. तोवर ठकीची सवय मोडायची. पुढं तिकडं मोठे डॉक्टर पुन्हा पारखून घेणार आणि मग ठरवणार. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नव्हती, म्हणजे हे काम करायचं ते बाईंनीच. ठकी मधल्या सरकत्या जाळीपलीकडं असताना आत जायचं, बघायचं नाही, बोलायचं नाही, हात जोडायचे नाहीत. लापशी ओंडक्याच्या भोकांत, दगडांखाली पसरून ठेवायची, बाहेर येऊन जाळी उचलायची आणि निघून यायचं. सांगायला किती सोपं.

पहिल्या दिवशी ठकी उठली. बाई पाठ फिरवून निघाल्या. ठकी गजांशी आली, पुन्हा उठली, पंजा कपाळाला लावला. बाई चालत राहिल्या. मागून घशातल्या घशात आवाज आला, तान्हं मूल झोपेत करतं तसा. बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. असे पाच दिवस गेले. ठकीनं थोडं खाल्लं, बरंच टाकलं. सहाव्या दिवशी उठताना तिचा मागचा पाय लटपटला, ती कलंडली, आणि पडल्या पडल्याच तिनं पंजा कपाळाशी नेला. बाईंचे हात कधी जोडले गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पिंजऱ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात ते दिसलंच. योगिनी येऊन बाईंच्या शेजारी पायरीवर बसली. ती काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "माज्याच्यानं नाय व्हायचं, डॉक्टर. दुसरं काय बी सांगा."

आणि मग त्यांनी जे कधी मुलालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचे थोरले दीर, पुंजाभाऊ. बांधावरून दोघा भावांचं वाजलं, बोलणं तुटलं. सात वर्षांनी घोटीच्या बाजारात पुंजाभाऊ समोरून आले. थोरला भाऊ, पण त्यानं आधी हात जोडले, म्हणाला, "रंगनाथ, रामराम." रंगनाथनं मान फिरवली आणि मिरच्यांचा भाव विचारला. सगुणाबाई मागं उभ्या होत्या, तोंडावर पदर ओढून. त्या काळी धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराला तोंड दाखवत नसे, त्याच्याशी बोलत नसे. तोच त्याचा मान. पुंजाभाऊ हात जोडून उभे, आणि कुणी काही बोलेना. मग त्यांनी हात खाली घेतले आणि गर्दीत गेले. त्याच दिवाळीत वारले.

"मला बोलता आलं आसतं," बाई म्हणाल्या. "पदर बाजूला सारून निसतं रामराम म्हणले आसते तर कुणी मारलं नसतं मला. मी पदराआड लपले. आमचे हे बी शेवटपतोर त्येच बोलायचे, घ्याया पायजे व्हता गं रामराम. तवापासून मी कुनाचा सोडत नाय."

योगिनीनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "मावशी, ही तुमच्या नाकातली मोरणी. मी चिमटीत धरून वर ओढली, तर?"

"आगं बाई," म्हणत बाईंचा हात नुसत्या कल्पनेनंच वर गेला, थेट नाकाकपाळाशी.

"बघा हात कुठं गेला तुमचा."

बाईंनी आपल्या हाताकडं बघितलं.

"दोर वर ओढला की ती उभी राहायची. आणि दुखू नये म्हणून पंजा तिथं न्यायची. त्याला ते लोक सलाम म्हणायचे. तो रामराम नाहीये, मावशी. तिला तो कधी घालायचाच नव्हता."

बाई लहान असताना गावात अस्वलवाला यायचा. पोर झोपेत दचकतं म्हणून आईनं त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवलं होतं, गळ्यात अस्वलाच्या केसांचा ताईत घातला होता आणि खेळवाल्याच्या झोळीत पायलीभर नागली ओतली होती. खेळ संपताना अस्वलानं सलाम केला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या ह्यांनीच वाजवल्या होत्या. ते त्यांना आज आठवलं, दोर कुणाच्या हातात होता त्यासकट. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सुनेनं विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या वेगळ्याच. घमेलं भरलं, पिंजऱ्याच्या दाराशी गेल्या, आणि डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला. पायाखालची जमीन तेवढी दिसेल इतकाच.

"हे काय मावशी?" किशोर म्हणाला.

"आजपून ठकी माजा थोरला दीर," पदराआडून आवाज आला. "थोरल्या दिराला तोंड दावायचं नाय, बोलायचं नाय. ह्यात काय अपमान नाय कुनाचा. मान हाय हा."

किशोर हसणार होता, पण हसला नाही. योगिनी दुरून बघत होती. नियमाच्या पुस्तकात असलं काही लिहिलेलं नव्हतं, पण पुस्तक लिहिणारा घोटीला कुठं नांदला होता?

पदरानं खरंच काम केलं. ठकी उठायची, पण बाईंना दिसायचं नाही. दिसायचे ते तिचे मागचे पाय. ते पाय थरथरत उभे राहिलेले बघूनही बाईंना भडभडून यायचं, पण हात घमेल्याला घट्ट धरलेले. ओंडक्यात मध भरायचा, दगडाखाली खजूर ठेवायचे, वाळवी लागलेलं लाकूड किशोर कुठून कुठून आणायचा. आठवडाभर ठकी कण्हली. मग रागावली; घमेलं आपटून पार चेपवलं. बाई पदराआड मनातल्या मनात म्हणायच्या, "रागाव बाई, लय रागाव." तेरा-चौदा दिवसांनी ती एकदाच उठून लगेच खाली बसायला लागली. एकविसाव्या दिवशी बाई आत गेल्या, खाणं पसरलं, दाराबाहेरून मधली जाळी उचलली, आणि पदराखालून बघितलं तर चारही पंजे जमिनीवर होते. ठकी ओंडक्यात नाक खुपसून मध ओढत होती.

बाई दारापासून मागं सरल्या, पदर वर केला आणि योगिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आनंद होताच, पण आता आपल्यासाठी कुणी उठून उभं राहत नाही, ह्याचंही रडू त्यात होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

गाडी आली, ठकी गेली. गुळाचा खडा टाकून तिला पेटाऱ्यात घेतलं तेही बाईंनीच, पदराआडून, मुक्यानं.

चार महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. ठकी बरी आहे, सांधे सुधारलेत, लहान आवारात उकरून खाते. इथल्या कुणापुढं उठत नाही. पण शेवटची पारख बाकी आहे. "त्या बाईंना घेऊन या," ते योगिनीला म्हणाले.

किशोरच्या जीपमधून तिघं निघाले. बाईंनी वाटेत दोन घास खाल्ले असतील तर शपथ. पोचल्यावर मोठे डॉक्टर त्यांना कुंपणापाशी घेऊन गेले. अलीकडं लहान आवार, मधे लोखंडी दार, आणि पलीकडं साग-पळसाचं रान, नजर संपेपर्यंत. तिकडं लांब दोन अस्वलं वारुळाशी झटत होती.

"पूर्वी करत होतात तसंच करा," मोठे डॉक्टर त्यांच्या हिंदीत म्हणाले आणि योगिनीनं समजावून सांगितलं. "हाक मारून, हात जोडून. ती उठली नाही, तर उद्या सकाळी हे दार उघडायचं. उठली, तर तिला इथंच ठेवावं लागेल."

"पदर घेऊ?" बाईंनी विचारलं.

"आज पदर नको, मावशी."

सगुणाबाई तारेशी गेल्या. ठकी रानाकडं तोंड करून बसली होती. अंगावरचे केस दाट झाले होते, ओळखू येऊ नये इतकी अंगानं भरली होती. कधी नव्हे ते बाईंचे हात वर यायला तयार नव्हते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि हात जोडले.

"ठके, रामराम गं."

ठकीची मान वळली. लांब मुस्कट वर झालं, वारा हुंगला, आणि ती उठली, चारही पायांवर. झुलत झुलत सरळ बाईंच्या दिशेनं आली. ओळखलं होतं तिनं, त्यात शंकाच नाही. तारेला नाक लावून तिनं बाईंचे पाय हुंगले, लुगड्याचा काठ हुंगला. नाकावरचा व्रण बाईंच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होता.

"रामराम, ठकूबाई, रामराम," बाई म्हणाल्या.

ठकीनं पुढचा पंजा उचलला. योगिनीनं किशोरचं मनगट घट्ट धरलं. पंजा हवेत जरासा थांबला, आणि खांबाच्या बुडाशी आदळला. तिथं मुंग्यांचं बीळ होतं. ठकी खसाखसा उकरायला लागली, नाक खुपसून सूं करून मुंग्या ओढल्या, जोरात शिंकली, आणि बाईंकडं पाठ करून निघून गेली. एकदाही वळून बघितलं नाही.

बाई हात जोडून तशाच उभ्या. किशोर जवळ गेला. "मावशी, सोडा आता हात."

"नाय घेतला," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड हसत होतं. "डॉक्टर, बगितलं का? माजा रामराम नाय घेतला तिनं."

परत येताना जीप चहाला जिथं जिथं थांबली, तिथं चहावाल्यानं विचारो न विचारो, बाईंनी त्याला ती गोष्ट सांगितली. नाशिक येईपर्यंत किशोर आणि योगिनीला पाठ झाली होती. पण बाईंनी सातव्यांदा सांगायला सुरुवात केली, तेव्हाही दोघांनी मधे तोंड घातलं नाही.